घोडीच्या गळ्यातला पट्टा

मला पत्रकं लिहायला ज्या कार्यकर्त्यानं शिकवलं, त्यानं एकच नियम घालून दिला होता. पहिल्या ओळीत मागणी. माणूस एसटी स्टँडवर उभा असतो, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तू दिलेला कागद. पहिली ओळ वाचून तो ठरवतो, घडी घालून खिशात ठेवायचा की बोळा करायचा. म्हणून इथंही मागणी आधी. माझ्या मामांना त्यांचं नदीकाठचं रान परत मिळालं पाहिजे. ते रान त्यांच्या मालकीचं नव्हतं, तरी ते त्यांचं होतं. कसं, ते सांगते. ते घालवण्यात माझा हात कसा, तेही सांगते. दुसऱ्यांना जाब विचारत गावोगाव फिरणाऱ्या बाईनं स्वतःच्या वेळी तोंड लपवू नये.

आमचं गाव माणच्या माळावरचं. वडिलांनी मेंढरं विकली, कराडच्या बाजूला साखर कारखान्यात गेटवर नोकरी धरली, म्हणून मी मलकापुरात वाढले आणि शिकले. मामा आटपाडीकडचे. त्यांनी मेंढरं सोडली नाहीत. दीडशे मेंढरं, दोन कुत्री, एक पांढरी घोडी, मामी, दोन मुलगे आणि सुना. दिवाळी झाली की वाडा हलतो. चिरेबंदी वाडा डोळ्यांसमोर आणू नका. आमच्यात मेंढरांसकट निघालेल्या बिऱ्हाडालाच वाडा म्हणतात. विटा, कडेगाव करत कृष्णाकाठ, तिथून शिराळ्याच्या अंगाला, आणि मृगाच्या आत घरी. वाटेत शेतकरी पीक निघालेल्या रानात मेंढरं बसवून घेतात. रात्रभर मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात बसतात. त्यांच्या लेंड्या आणि मूत हेच खत. बदल्यात शेतकरी ज्वारी देतो, नाहीतर रोख देतो.

हा व्यवहार कुठल्याच कागदावर नसतो. शेवटच्या दिवशी निघताना शेतकरी म्हणतो, "फुडल्या साली बी या." झाला शब्द. शब्द दिलेल्या रानात दुसरा वाडा बसत नाही. बोलावलं तरी बसत नाही. आणि आमच्या मामांची एक जास्तीची रीत होती, त्यांच्या वडिलांपासूनची. ठरलेल्या रात्री संपल्या की एक रात्र फुकट बसायचं. तिला ते निरोपाची रात म्हणतात. नदीकाठच्या एका गावात एक म्हातारे शेतकरी होते, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. त्यांच्या रानात मामांचे वडील बसले, मामा बसले, आणि मामांचा मोठा मुलगा तर त्याच रानाच्या बांधावर चालायला शिकला. आबांचं रान म्हणजे त्या सगळ्या वाटेचा कणा. पंधरा-पंधरा रात्री तिथं, मग आबांच्या ओळखीनं शेजारची रानं, मग त्यांच्या पाव्हण्यांची. ते एक रान गेलं की मागची माळ सुटलीच.

एवढं लक्षात ठेवा. आता माझा मित्र.

कॉलेजात तो माझ्या वर्गात होता. मलकापूरचाच, वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. हुशार, गोड बोलणारा, आणि खरं सांगायचं तर मनानं वाईट नाही. तो वाईट असता तर हे सगळं लिहायला सोपं गेलं असतं. तो पुण्यात नोकरीला लागला, दोन वर्षांनी नोकरी सोडली आणि एक दिवस माझ्यापुढं येऊन बसला. मी तेव्हा चराईच्या हक्काचं पत्रक छापून घेत होते, प्रेसमध्ये, शाईच्या वासात.

"तुझ्या मामांना अजून पुढं चालत जाऊन रान बघावं लागतं ना?"

"लागतं की. सोळा-सोळा किलोमीटर. गुडघा गेलाय त्यांचा."

"ते मी बंद करतो," तो म्हणाला. "शेतकरी फोनवर मेंढरं मागवेल. मेंढपाळाला घरबसल्या रान."

"घर कुठाय त्यांना बसायला?"

तो हसला. "तुझं हेच लागतं मला. हे असलं बोलणं. मला पत्रक लिहून दे. साध्या भाषेत. मी लिहिलं की मेंढपाळ म्हणतात, हा बँकेचा माणूस हाय."

मी लिहून दिलं. पहिल्या ओळीत मागणी ठेवली: 'आपल्या मेंढरांना रान शोधत वणवण का?' ती ओळ मला तेव्हा फार आवडली होती. आता वाचली की अंगावर काटा येतो. वणवण हा शब्द मी मामांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो माझा होता, शहरात राहून झालेला. मामा त्याला वाट म्हणायचे.

पण मला मामांचा गुडघा दिसत होता, हेही तितकंच खरं.

मी स्वतः त्यांच्याकडे गेले. वाडा तेव्हा कडेगावच्या अलीकडे माळावर उतरला होता. मामी भाकऱ्या थापत होत्या, सून कोकरांना पाजत होती. मित्रानं दिलेला पट्टा मी पिशवीतून काढला. काळा, जाड, त्यावर काड्यापेटीएवढी डबी. डबी आभाळातल्या उपग्रहाला सांगणार, वाडा कुठाय. मग शेतकऱ्याला फोनवर ठिपका दिसणार, आणि जवळचा ठिपका बघून तो बोलावणार.

मामांनी पट्टा उलटापालटा केला. "ह्याला काय खायला घालायचं?"

"काही नाही मामा. उन्हावर चालतो."

"मग बरा हाय. आमच्यापरीस बरा." ते मामींकडे वळले. "आगं, बघ, भाचीनं दागिना आनलाय."

"तुमाला न्हवं, तुमच्या घोडीला शोभंल," मामी म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

मी सांगितलं, वाडा जिथं असेल तिथं पट्टा असला पाहिजे, एवढं फक्त सांभाळा. एवढंच सांगितलं. बाकी काय सांगायचं होतं? मित्रानंही मला एवढंच सांगितलं होतं. मेंढराच्या गळ्यात बांधा, असं ना त्याला म्हणावंसं वाटलं ना मला. इतकं उघड कुणी सांगतं का?

मामांनी पट्टा पांढऱ्या घोडीच्या गळ्यात बांधला.

त्यांच्या हिशेबानं ते अगदी बरोबर होतं. आमच्यात कुणी विचारलं, वाडा कुठं आलाय, तर उत्तर येतं, घोडी अमक्या माळावर सोडलीया. घोडीवर चूल, भांडी, घोंगडी, लहान पोरं आणि नुकती जन्मलेली कोकरं. घोडी जिथं उतरली तिथं वाडा. मेंढरं काय, ती चरत चरत येतात, दिवसभर पांगलेली असतात. मेंढरं म्हणजे वाडा, असं आमच्यातलं कुणीही म्हणणार नाही.

सुरुवातीचे आठ-दहा आठवडे बरे गेले. मित्राच्या कंपनीत तेव्हा तीनच माणसं होती आणि त्यातला एक जण रोज सकाळी शेतकऱ्यांना फोन लावायचा. "मेंढरं बसली का? किती रात्री?" शेतकरी सांगेल ते वहीत. मामांना दोन नवी रानंही मिळाली, चालत न जाता. मी पत्रकाची दुसरी आवृत्ती काढली. मला वाटत होतं, मी काहीतरी बरं करत आहे. चळवळीतले आमचे जुने लोक म्हणत होते, "कंपनीचं पत्रक लिहितेस?" मी म्हणत होते, "मेंढपाळाचं लिहिते."

मग गुंतवणूकदार येणार असं ठरलं.

खंडाळ्याच्या एका हॉटेलात बैठक. पाव्हणे मुंबईहून येणार होते आणि त्या भागातला एक कारखानाही त्यांना बघायचा होता. मित्रानं मामांना गाडीनं आणवलं. नवं धोतर, लाल पटका, खांद्यावर घोंगडी. घोंगडी मामांनी आणली नव्हती, उन्हाळा तोंडावर आला होता. ती मित्रानं गाडीत ठेवली होती. "खांद्यावर असू दे मामा, फोटो छान येईल."

अकराची बैठक. साडेअकरा झाले, बारा झाले. मग फोन आला, आम्ही खंडाळ्यात पोचलोय, हॉटेल सापडत नाही, इथं समोर दरी आणि चिक्कीची दुकानं आहेत. ते लोणावळ्याच्या खंडाळ्याला जाऊन उभे राहिले होते. आमच्या साताऱ्याच्या अंगाला एक आख्खा तालुका त्या नावाचा आहे, हे त्यांच्या कानावर कधी आलंच नव्हतं. मित्र बाहेर येरझारा घालत होता. मामा मला म्हणाले, "रान बघायला निघालेल्या मानसानं आदी गाव इचारावं." मी हसले. पुढं मला त्या वाक्याचं हसू आलं नाही.

अडीच वाजता ते आले. दोन पुरुष, एक बाई. दमलेले, पण नीट वागणारे. मित्रानं भिंतीवर नकाशा लावला. माण, आटपाडी, जतपासून कृष्णाकाठापर्यंत हिरवे ठिपके. ते हलत होते. आठ दिवसांचा प्रवास त्यानं एका मिनिटात पळवून दाखवला. मी पाहत राहिले. आमची माणसं, जी कुठल्या सरकारी यादीत धड सापडत नाहीत, ती भिंतीवर चमकत होती. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

मग त्या बाईंनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे कळप फार वेगानं जातात, हा तर सगळ्यांत. सकाळी निघतो आणि दोन तासांत पोचतो. मेंढ्या एवढ्या चालतात?"

तो ठिपका मामांचा होता. मी मामांच्या कानाशी वाकून विचारलं, "मामा, पट्टा कुठल्या मेंढराच्या गळ्यात हाय?"

"मेंढराच्या?" मामा मोठ्यानं म्हणाले. "मेंढराला कशाला? घोडीच्या गळ्यात हाय की. तूच म्हनलीस, वाडा जितं तितं."

पाव्हण्यांना मराठी जेमतेम कळत होतं, आणि हे बोलणं तर मुळीच कळलं नाही. मित्राला कळलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "अरे, हा घोडीचा नकाशा आहे. कदाचित सगळाच. सगळे घोडीलाच बांधणार. सांग त्यांना."

"नंतर बघू," तो ओठ न हलवता म्हणाला. "आत्ता गप."

आणि मी गप्प बसले. तहसीलदाराच्या तोंडावर बोलणारी, मोर्च्यात पोलिसांच्या काठीपुढं उभी राहणारी मी, त्या गार खोलीत हातात चहाचा कप घेऊन गप्प बसले. का, ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलं. मला त्यांची भीती नव्हती वाटली. मला हवं होतं ते. त्यांनी पैसे द्यावेत, हे मला हवं होतं.

मित्र त्यांना म्हणाला, "हे आमचे सर्वांत कार्यक्षम पुरवठादार." सगळ्यांनी मामांकडे कौतुकानं पाहिलं. बाईंनी हिंदीतून विचारलं, तुमचे ग्राहक किती?

मामांना थोडं हिंदी येतं, फौजेतल्या धाकट्या भावाकडून उचललेलं. ते म्हणाले, "गिराईक एक बी नही. पाव्हने हैं. दादा-परदादा के टाइम से."

सगळे हसले. कुणीतरी ते वाक्य लिहून घेतलं. पुढं ते कंपनीच्या जाहिरातीत आलं, मामांच्या फोटोखाली, शुद्ध हिंदीत.

पैसे मिळाले. किती, ते मला विचारू नका. मला आकडा एकदा सांगितला गेला होता आणि त्यात किती शून्यं आहेत, हे मला आजही धड सांगता येणार नाही. काय बदललं, ते सांगते. सकाळी फोन लावणारा माणूस काढला. त्याच्या जागी नकाशा बसवला. पट्ट्याचा ठिपका रानाच्या हद्दीत रात्रभर दिसला तर मेंढरं बसली. नाही दिसला तर नाही बसली. शेतकऱ्यांना पहिली दहा बोलावणी फुकट, पैसे कंपनी भरणार. आणि मेंढपाळांना तारे. पाच तारे म्हणजे चांगला वाडा, एक तारा म्हणजे वाईट.

मी मामांकडे पळत गेले. "पट्टा मेंढराला बांधा." त्यांनी बांधला, कळपाच्या पुढं चालणाऱ्या मेंढ्याला. तिसऱ्या दिवशी बाभळीच्या काट्यांत पट्टा अडकून जनावराचा गळा आवळला. पोरानं कोयत्यानं फांदी तोडली म्हणून ते वाचलं. मामांनी पट्टा परत घोडीला बांधला. मी मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "हार्डवेअरची टीम बघतेय." हार्डवेअरच्या दुकानात वाढलेला पोरगा तो. पट्टा सैल कसा करावा, हे त्याला एका मिनिटात सुचलं असतं. पण आता त्याच्याकडे टीम होती.

नदीकाठाला वाडा पोचला तेव्हा उन्हं तापली होती. आबांचं रान काळं, चिकट, बांधाला पाटाचं पाणी. तिथं बिऱ्हाड टाकलं तर चूल पेटत नाही. म्हणून नेहमीप्रमाणे घोडी आणि बायामुलं गावच्या गायरानावर, उंचवट्याला, आणि मेंढरं आबांच्या रानात, वाघरीत, मामा आणि दोन्ही मुलगे राखणीला. गेली कितीतरी वर्षं असंच.

पंधरा रात्री बसली. वर निरोपाची एक.

पण आबा आता थकले होते आणि शेतीचा कारभार त्यांच्या मुलाकडे गेला होता. तो पुण्यात नोकरीला, कारभार फोनवर. त्यानं हौसेनं ते रान कंपनीच्या ॲपवर टाकलं होतं आणि मामांचाच वाडा त्यावरून मागवला होता. त्याला रोज सकाळी निरोप यायचा: आपण मागवलेला कळप रानात आला नाही. सोळा दिवस रोज. घोडी गायरानावर आणि ठिपकाही गायरानावर.

मी तिथं होते, सतराव्या दिवशी सकाळी. आबा बांधावर बसून मुलाशी फोनवर बोलत होते, फोन मोठ्या आवाजावर.

"आबा, मेंढरं आलीच नाहीत. इथं स्पष्ट दिसतंय."

"आरं, मी लेंड्या तुडवत आलोय आत्ता! पायतान बघ माजं!"

"तुम्ही कदाचित दुसऱ्या रानात गेला असाल."

"माज्याच रानात मी चुकंन व्हय रं?" आबांचा आवाज फुटला. "तुला ह्या रानात मी पाठुंगळी घिऊन फिरीवलाय!"

"आबा, चिडू नका. मशीन खोटं बोलत नाही. हा माणूस तुम्हाला फसवतोय."

मामा तिथंच उभे होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. त्यांनी सगळं ऐकलं. मी फोन ओढून घेतला आणि ओरडले, पट्टा घोडीला आहे, घोडी गायरानावर आहे, येऊन बघा. तो म्हणाला, "आपण कोण?" मी म्हणाले, "पत्रक मी लिहिलंय." तो म्हणाला, "मग तुम्हीच लिहिलंय ना, ठिपका बघून खात्री करा म्हणून?"

लिहिलं होतं. दुसरी आवृत्ती, शेतकऱ्यांसाठीचं पान दोन, खालून तिसरी ओळ.

त्यानं एक तारा दिला. एक तारा मिळालेल्या वाड्याचं नाव यादीतून आपोआप खाली जातं, आणि रान मोकळं झाल्याचा निरोप जवळच्या दुसऱ्या वाड्याला जातो. त्याआधीही मामांचे तारे कमी झाले होतेच. दोनदा त्यांना दुसऱ्याच्या शब्दाच्या रानात बोलावणं आलं होतं आणि दोन्ही वेळा ते गेले नव्हते. कंपनीच्या भाषेत त्याला ऐनवेळी रद्द करणं म्हणतात.

मी पुण्याला गेले. काचेचं ऑफिस, भिंतीवर मामांचा फोटो, खांद्यावर ती उन्हाळ्यातली घोंगडी. मित्रानं मला कॉफी दिली. त्याचे डोळे खोल गेले होते. त्याच्याही मानगुटीवर कुणीतरी बसलं होतं, ते दिसत होतं, पण मला त्या दिवशी कीव करायची नव्हती.

"एक निरोप पाठव त्या मुलाला. चूक तुमची होती, एवढंच."

"तुला कळत नाहीये," तो म्हणाला. "नव्वद टक्के कळपांचं असंच दिसतंय. रानात ठिपकाच नाही. आम्ही बोर्डापुढं ठेवलंय, पुरवठादार बेभरवशाचे आहेत."

"पुरवठादार? अरे, तुला माहीत आहे की ती घोडी आहे! तू त्या खोलीत होतास!"

"मला माहीत आहे. बोर्डाला आता हे सांगू? पैसे घेतले तो नकाशा घोड्यांचा होता म्हणून?"

त्या खोलीत मीही होते.

मग त्यानं मला पुढचा बेत सांगितला, समजूत काढल्यासारखा. मेंढरं वाढत नाहीत, म्हणाला. म्हणजे धंदा वाढवायचा म्हटलं तरी मेंढरं त्या वेगानं वाढत नाहीत, आणि माणसं तर मुळीच ऐकत नाहीत. लेंडीखत वाढवता येतं. बाजारातून ओल्या-सुक्या लेंड्या गोळा करायच्या, वाळवायच्या, छान गोणीत भरायच्या, गोणीवर मेंढपाळाचं चित्र. "पत्रक तू लिहिशील का?"

मी कॉफी तशीच ठेवून उठले. त्याला शिव्या द्यायच्या होत्या, त्या जिन्यात सुचल्या.

पावसाळा गेला, दिवाळी झाली, वाडा पुन्हा हलला. ॲप तोवर बंद पडलं होतं. उघडलं की यायचं, आपल्या भागात ही सेवा सध्या उपलब्ध नाही. गोण्या मात्र कराडच्या दुकानांत दिसत होत्या. मी यावेळी वाड्याबरोबर चालत निघाले. मामांना मी म्हटलं, आता तो नकाशा नाही, तारे नाहीत, आबा आहेत, आपण सरळ जाऊन सांगू. मी मनात पत्रकच जुळवलं होतं.

आबांच्या रानात वाघर लागलेली होती.

आत जतकडची मेंढरं. त्या वाड्याचा कारभारी तिशीचा गडी. मामांना बघून तो उठला, पटका सारखा केला, पाया पडला. "या मामा, बसा. च्या ठेवा गं!" मग त्याच्या ध्यानात आलं, आम्ही नुसते वाटसरू नाही. "तुमचं रान हाय व्हय हे? आवं, मला गेल्या साली फोनानं सांगितलं, मोकळं हाय म्हनून. आबांच्या लेकानं मग शब्द दिला, फुडल्या साली बी या. मला काय ठावं!"

त्याच्याही घोडीला पट्टा होता का, मी विचारलं. तो म्हणाला, "न्हाई, माजा भाऊ फौजंत हाय, त्यानं सांगितलं तसा वाघरीच्या खुटीला बांदला हुता."

मी मामांकडे वळले. "बोला की मामा! तुमचा शब्द जुना हाय. आबा हायत अजून. आपण घरी जाऊ त्यांच्या. मी बोलते."

"गप बस," मामा म्हणाले.

"मामा, हे तुमचं—"

"दुसऱ्याच्या शब्दाच्या रानात आमी बसत न्हाई." ते त्या गड्याला म्हणाले, "बस बाबा. रान चांगलं हाय. पाटाकडंच्या कोपऱ्यात वाघर लावू नगंस, चिखल हुतो."

त्यांनी चहा घेतला. दोघं जनावरांच्या खुरांविषयी बोलले. मी बांधावर उभी होते. निघाल्यावर मी त्यांच्यामागून चालत बोलतच राहिले. भांडायला काय झालं होतं? असं गप्प बसतात म्हणूनच आपल्या लोकांचं सगळं जातं. कुणीही येतं, घेतं आणि जातं.

मामा थांबले. "कुनाशी भांडू? त्या पोराशी? त्यानं माजं रान घेतलं न्हाई, पोरी. तू दिलंस."

ते रागानं म्हणाले नाहीत.

तीन दिवस मामांच्या ऐवजी मी पुढं चालत गेले, रान बघायला. गुडघा त्यांचा, चूक माझी. सहा गावं झाली. दारात उभी राहून मी पहिल्या ओळीत मागणी सांगायचे: दीडशे मेंढरं, पाच रात्री, बसवता का? एकानं सांगितलं, गोणी टाकलीया औंदा. एक बाई म्हणाल्या, "गेल्या साली फुकट बसली हुती, आता फुकट न्हाई व्हय?" एका सुशिक्षित माणसानं विचारलं, तुमचे तारे किती? आणि एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं, "कुनाची मेंढरं गं? कुनाच्या वळखीची?" आबांचं नाव आता घेता येत नव्हतं.

सातव्या गावात, शिराळ्याच्या अलीकडे, एका माणसानं हरभरा निघालेलं रान दाखवलं. खडकाळ, चिंचोळं. "दोन रात्री बसा," म्हणाला. "जमलं तर बगू."

मी मागं येऊन मामांना सांगितलं.

"शब्द दिला का त्यानं?"

"न्हाई. दोन रात्री म्हणाला फक्त."

मामांनी घोडीच्या गळ्यातला पट्टा सारखा केला. डबी कधीच मेली होती, पण पट्टा मजबूत होता म्हणून त्यांनी त्याला घुंगरू लावलं होतं. ते म्हणाले, "मग तिसरी रात आपली."

"मामा! दोन रात्रींवर एक फुकट? त्या असल्या रानाला? त्यानं धड सांगितलं सुद्धा न्हाई की पुढल्या साली—"

"म्हनून तर," मामा म्हणाले आणि मेंढरं हाकलली.

मला अजून राग आहे. नवीन पत्रकाच्या पहिल्या ओळीत काय लिहायचं, ते ठरलेलं आहे, वर सांगितलं आहे. पण त्या दिवशी मी घोडीचा दोर धरला आणि सातव्या गावाची वाट दाखवत पुढं चालले.